पीएच पेन घेऊन खडपावर: सहा महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

नोव्हेंबरात ऑनलाइन पीएच पेन मागवलं, साडेबाराशेला पडलं. पाणी किती आम्ल ते पीएच सांगतो, आकडा जितका उतरेल तितकं पाणी आम्लाकडे. ब्रँड लिहीत नाही कारण याच साच्याची पेनं पाच-सहा नावांनी विकतात. रिव्ह्यू बघितले तर सगळे फिश टँकवाल्यांचे नाहीतर हायड्रोपोनिक्सवाल्यांचे, समुद्राच्या पाण्यात वापरून कुणी लिहिलेलंच सापडलं नाही, म्हणून मी लिहितेय. मी रत्नागिरी जिल्ह्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते, शाळेपासून खडप, म्हणजे किनाऱ्यावरचा खडकाळ भाग, पंधरा मिनिटांवर, आणि नववीच्या मुलांना समुद्राचं पाणी आम्लाकडे सरकतंय म्हणजे नक्की काय ते पुस्तकाबाहेर दाखवायचं होतं.

पहिला पीस खराब आला. प्रोबच्या, म्हणजे पाण्यात बुडवायच्या टोकाच्या, काचेवर पांढरी पूड, टोपीतलं पाणी वाळलेलं, आकडा एका जागी थांबेचना. बदलून मिळाला पण बारा दिवस मेसेज करावे लागले. त्यामुळे घेतल्याबरोबर टोपी उघडून ओलावा आहे का ते बघा आणि व्हिडिओ काढून ठेवा. दुसरा पीस मात्र आजतागायत चालतोय.

सोबत बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण करायच्या, तीन पुड्या येतात, ४.०१, ६.८६ आणि ९.१८ च्या. एकेक पुडी २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, मी गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणलं. बरेच जण एकाच बफरवर कॅलिब्रेट करून, म्हणजे पेनाचा आकडा त्याच्याशी जुळवून, मोकळे होतात, पण समुद्र साधारण ८.१ वर असतो म्हणजे ६.८६ आणि ९.१८ च्या मधे, तेव्हा दोन्ही करा आणि दरवेळी निघायच्या आधी करा. एकदा कंटाळा केला तर त्याच जागचं पाणी आदल्या दिवशी ८.०४ आणि दुसऱ्या दिवशी ८.१२ दाखवत होतं. शिवाय खाऱ्या पाण्यात आकडा स्थिर व्हायला पूर्ण दोन मिनिटं लागतात.

आता मुख्य गोष्ट. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा समुद्र पितो आणि त्यामुळे औद्योगिक काळ सुरू झाल्यापासून त्याच्या वरच्या थराचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. ०.१ ऐकायला किरकोळ वाटतं पण हे माप लॉगचं आहे, एक अंक उतरला की पाण्याला आम्ल करणारे हायड्रोजन आयन दहापट होतात, म्हणून ०.१ मध्येच ते २६ टक्क्यांच्या आसपास वाढलेत. सध्याची घसरण दहा वर्षांत ०.०२ च्या घरात आणि या पेनाची अचूकता डब्यावरच लिहिलीय ±०.०५, म्हणजे ती घसरण या पेनावर दिसणं शक्यच नाही, त्यासाठी शास्त्रज्ञ पाण्यात रंगद्रव्य घालून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. या अपेक्षेने घेणार असाल तर घेऊ नका.

पण शेवाळाचा श्वास दिसतो हो! फेब्रुवारीच्या अमावास्येला गेलो होतो. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला आणि ओहोटी सहाच्या, त्यामुळे वरच्या अंगाच्या खळग्यातलं पाणी मध्यरात्रीनंतर समुद्रापासून तुटतं ते पार सकाळी उशिरापर्यंत. साडेसहाला अंधारात बॅटरीच्या उजेडात पहिलं रीडिंग घेतलं, ७.८४. तोच खळगा, तीच जागा, साडेदहाला ८.४१! रात्रभर शेवाळं, कालवं, खेकडे सगळेच कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून पीएच उतरतो, ऊन पडलं की शेवाळं तो ओढून घेतात आणि आकडा चढतो. एक मुलगी हातातल्या पेनाकडे बघत म्हणाली, "बाई, चार तासात एवढं बदललं?" आणि पुढची दहा मिनिटं कोणी त्या खळग्यापासून हलेना.

स्टाफरूममध्ये सरांनी विचारलं, रोज पीएचमध्ये अर्ध्या अंकाहून जास्त चढउतार सोसणाऱ्यांना ०.१ ने काय होणार? प्रश्न रास्त आहे. त्याच खळग्याच्या काठाला रंग सांडल्यासारखी गुलाबी खपली असते, ते शेवाळच आहे, कोरॅलाइन म्हणतात, अंगात चुना साठवणारं. मेलेला पांढरा तुकडा उचलून त्यावर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात, मुलांनी करून बघितलं. हा चुना मॅग्नेशियमवाला, विरघळायला सगळ्यात सोपा. दिवसा जमा, रात्री खर्च असा याचा हिशोब. समुद्राचा मूळ पीएचच खाली सरकला की रात्रीचा खर्च वाढतो आणि दिवसाची जमा महाग पडते. इटलीत इस्कियाच्या किनाऱ्याला समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी येतो, तिथे पीएच उतरत जातो तसतशी ही गुलाबी शेवाळं कमी होत जातात आणि चुना नसलेली मऊ हिरवी-तपकिरी फोफावतात. म्हणजे शेवाळ म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आणि गुलाबी गेलं तर नुसता रंग जात नाही, प्रवाळाची पिल्लं बसायला हीच खपली शोधतात.

पेनात तापमानही येतं आणि ते मला पीएचइतकंच कामाचं वाटलं. फेब्रुवारीत साडेदहाला २८ अंश, मे महिन्यात तशाच एका उथळ खळग्यात ३६. काठावरची खपली पांढरट पडली होती. ती उन्हाने, गरम पाण्याने की आणखी कशाने ते एका पेनाने ठरत नाही, पण पाणी आम्लाकडे आणि वर उकाडा असे दोन्ही एकदम आले तर या जीवाला कुठे जागा उरते, हा विचार डोक्यातून जात नाही.

पाचपैकी साडेतीन. शाळेसाठी, घरच्या टँकसाठी जरूर घ्या, संशोधनासाठी नको. वापरून झालं की साध्या पाण्याने धुवा आणि टोपीत केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) द्रावण घाला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवलं तर प्रोब लवकर जातो. सेल चार लागतात, बारीक बटणासारखे, आमच्या बाजारात मिळाले नाहीत, एक सेट जादा मागवून ठेवा. आणि खळग्यातली शेवाळं खरवडू नका, पेन नुसतं बुडवायचं.