जीएमओमुक्त हळद आणि सरकीच्या तेलातले फरसाण

सांगलीतील एका सेंद्रिय मालाच्या दुकानातून मी गेली दोन वर्षे हळद, शाळू आणि घाण्यावरचे शेंगतेल नेतो. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. मालाबद्दल तक्रार नाही. हळकुंडे गिऱ्हाइकासमोर दळून मिळतात. यंत्र तापून हळदीचा वास जाऊ नये म्हणून दुकानातील बाई मध्ये मध्ये थांबतात, त्यामुळे अर्ध्या किलोला बराच वेळ जातो, पण घरी डबा उघडला की तो वेळ वसूल होतो. शाळूही निवडलेला असतो, खडा लागत नाही. दर पेठेपेक्षा चढे आहेत, ते मी समजून देतो.

अलीकडे मात्र येथील प्रत्येक पाकिटावर ‘जीएमओमुक्त’, म्हणजे जनुकीय फेरबदल केलेले (जीएम) यात काही नाही, अशी हिरवी चिठ्ठी दिसू लागली आहे आणि हे परीक्षण त्या चिठ्ठीचे आहे. हळदीवर ती आहे, शाळूवर आहे, बेदाण्यावर आहे आणि सैंधव मिठावरही आहे. जनुकीय फेरबदल केलेली हळद किंवा ज्वारी आपल्याकडे कोणी विकतच नाही. मिठात तर जनुकच नसते, मग त्याला मुक्त कशापासून करणार? उलट सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा उल्लेख पाकिटावर शोधूनही सापडला नाही.

भारतात आजवर शेतकऱ्याच्या हाती व्यापारी लागवडीसाठी आलेले जनुकीय फेरबदलाचे पीक एकच, ते म्हणजे 2002 मध्ये मंजूर झालेला बीटी कापूस. मातीतील एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले असते, त्यामुळे बोंडअळीला मारक असे प्रथिन झाड स्वतःच तयार करते. देशातील कापसाचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र आता याच वाणांखाली आहे. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात देशी जीएम पीक शिरते ते मुख्यतः सरकीच्या, म्हणजे कापसाच्या बियांच्या, वाटेने, आणि नेमके याच दुकानातल्या फरसाणाच्या पुड्यामागे, चष्मा लावूनच वाचता येईल अशा अक्षरात, ‘सरकी तेल’ असे छापलेले आहे. पुढच्या बाजूला अर्थातच हिरवी चिठ्ठी. रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरत नाही, त्यामुळे डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीलाही त्यात फारसे सापडणार नाही, आणि असे तेल खाल्ल्याने अपाय होतो असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण ज्या गिऱ्हाइकाला तत्त्व म्हणून जीएम पीक नको आहे, त्याला ही चिठ्ठी सरळ चकवते. तुपाच्या बरणीवरही तीच चिठ्ठी होती. गाईंच्या आंबोणात सरकी पेंड असते का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही.

बियाण्यांच्या फळीवर कृष्णाकाठच्या वांग्याची पाकिटे आहेत. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला होता. फेब्रुवारी 2010 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशात ते 2014 पासून शेतात आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे येथेही चिठ्ठी नसती तरी काही अडले नसते. मी हे बाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, संकरित म्हणजे जीएमओच की! गिऱ्हाईक विचारतंय, म्हणून लावलंय.” एका वाणाचे परागकण दुसऱ्या वाणाच्या फुलावर घालून केलेला संकर आणि प्रयोगशाळेत बाहेरचे जनुक घालून केलेला फेरबदल यांत मोठा फरक आहे, हे दुकानदारालाच माहीत नसेल तर तो गिऱ्हाइकाला काय सांगणार? मे 2025 मध्ये जनुक-संपादित, म्हणजे भाताच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेले, भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यांत परके जनुक उरलेले नाही. असा तांदूळ उद्या दुकानात आला तर त्याच्यावर ही चिठ्ठी लावायची की नाही, यावर खरी चर्चा व्हायला हवी.

हळद, शाळू आणि शेंगतेल येथून जरूर घ्यावे. फरसाण घेताना पुडा उलटा करून वाचावा. मी तक्रारवहीत एवढेच लिहिले होते की, तेलाचे नाव पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापावे. पुढच्या आठवड्यात गेलो, तेव्हा फरसाणावरची हिरवी चिठ्ठी काढलेली होती. तेलाचे नाव मागेच होते, तेवढ्याच बारीक अक्षरात, आणि मिठावरची चिठ्ठीही जागेवर होती.