बिनपाटीची खानावळ, हिंगणा तालुका

तुरीच्या शेंगा भरल्या की इथं सोलेभात सुरू होतो, म्हणून आधी त्याचंच सांगतो. शेंगा सकाळीच शेजारच्या वावरातून येतात आणि दहा वाजेपर्यंत दोघी जणी त्या सोलत बसलेल्या असतात. ओले दाणे आधी तेलात परततात. हिरवट वास गेला की वांग्याच्या फोडी टाकतात, मग तांदूळ. सगळं चुलीवर, जर्मनच्या गंजात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात. ताटात भात वाढला की मधोमध खड्डा करून त्यात लसूण आणि भिवापुरी मिरचीची कढत फोडणी ओततात. तेल खाली उतरायच्या आत पहिला घास घ्यावा. सोबत कढी. सोलेभात मी नागपुरातल्या चांगल्या हॉटेलांतही खाल्ला आहे, पण तिथं दाण्यांचा लगदा झालेला असतो. इथं दाणा दाताखाली फुटतो.

खानावळीला पाटी नाही. नागपूरजवळचं हिंगणा सोडून आत शिरलं की डाव्या हाताला मोठा कडुनिंब आणि त्याखाली टिनाचं शेड दिसतं. चार टेबलं, आठ बाकं. चालवणाऱ्या ताई पन्नाशीच्या आतल्या आहेत, मदतीला त्यांची सून आणि गावातली एक आजीबाई. बायको गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी आठवड्यातून तीन-चारदा इथंच जेवतो. एका जेवणावरून लिहिलेलं हे मत नाही.

रोजचं ताट 90 रुपयांचं. दोन ज्वारीच्या भाकरी, एक सुकी भाजी, एक रश्शाची, वरण-भात, जवसाची चटणी. सोमवारी झुणका, गुरुवारी पातोडीचा रस्सा. पातोडी म्हणजे बेसनाची वडी, ती जाड कापलेली असते आणि रश्शात टाकल्यावरही विरघळत नाही. अंबाडीची भाजी पावसाळ्यात घ्यावी, तिच्यात घातलेल्या कण्या चांगल्या शिजलेल्या असतात. वरण मात्र पातळ. सहा वर्षांत मी हे चार वेळा बोललो असेन, दोन दिवस घट्ट होतं आणि पुन्हा पातळ. सव्वा वाजला की भाकरी संपतात, मग पोळीवर भागवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत टिनाखाली बसवत नाही, तेव्हा ताट घेऊन सरळ झाडाखाली बसावं. रात्रीचं जेवण मिळत नाही.

गेल्या वर्षापासून बाकांवरची माणसं बदलली आहेत. पूर्वी पऱ्हाटीचा कापूस वेचायला आलेल्या बायांचे डबे भरायला येणारी पोरं, ट्रॅक्टरवाले, शाळेतले दोन गुरुजी, एमआयडीसीतून घरी परतणारे कामगार असत. आता दुपारी चारचाकीतून इस्त्रीचे शर्ट उतरतात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने नवीन नागपूरला मंजुरी दिली. याच तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगावच्या शिवारात सुमारे 692 हेक्टरवर, म्हणजे जवळपास 1,700 एकरांवर, आंतरराष्ट्रीय व्यापार आणि वित्त केंद्र उभं राहणार आहे. त्यासोबत शहराभोवती 148 किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता. तेव्हापासून जमिनीचे दलाल जेवायला इथंच येतात. एकदा एकाने टेबलावर ले-आउटचा रंगीत नकाशा पसरला आणि तो उडू नये म्हणून त्यावर वरणाची वाटी ठेवली. ताई वाढायला आल्या, वाटी उचलली आणि नकाशाकडे बघतच राहिल्या. नकाशात रस्ते होते, बगिचे होते, पण त्यांचा कडुनिंब कुठं दिसेना.

त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "काकाजी, तुमी तं असं शहर बसताना पाह्यलं न जी. मंग आमच्यासारख्याचं काय होते, ते सांगा ना."

मी पाहिलं आहे. 1983 ला मी इथून बेलापूरला गेलो आणि एका खाजगी मोजणीवाल्याकडे नकाशांच्या कामाला लागलो. तेहतीस वर्षं नवी मुंबईत काढली. ताईंना एका दमात सांगता आलं नाही, तीन दिवसांची जेवणं लागली. जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण आता आपल्या तालुक्यात पुष्कळांना हाच प्रश्न पडला आहे.

मुंबई हे लांबुळकं बेट. कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला, घरं उत्तरेला. सकाळी सगळी गर्दी खाली, संध्याकाळी सगळी वर. 1965 च्या सुमारास इंजिनिअर शिरीष पटेल आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता या तिघांनी मांडलं की खाडीपलीकडे दुसरं शहर वसवा, म्हणजे माणसं दोन्ही बाजूंना वाटली जातील. सरकारला ते पटलं. 1970 मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. 344 चौरस किलोमीटर जमीन, 95 गावं, आणि एकच मोठं शहर न करता वाशी, नेरूळ, बेलापूर अशी चौदा उपनगरं. प्रत्येकाला आपली शाळा, आपला बाजार, आपलं स्टेशन. आपल्या नवीन नागपूरची जमीन त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी आहे. आकड्यांचं हे अंतर डोक्यात असू द्यावं, नाहीतर दलाल सांगतो ते सगळं खरं वाटायला लागतं.

त्या आराखड्याचा जीव एका गोष्टीत होता. राज्य सरकारची मुख्य कचेरीच खाडीपलीकडे न्यायची. सरकार गेलं की त्याच्यामागे वकील, बँका, कंपन्या जातील, असा हिशेब होता. सरकार गेलं नाही. मंत्रालय होतं तिथंच राहिलं, वर त्याच्याच शेजारी समुद्रात भराव घालून नरिमन पॉइंटला उंच इमारती उभ्या राहिल्या. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आलं. बेलापूरला कोकण भवन आलं, विभागीय कचेऱ्या आल्या, पण मोठं काम मुंबईतच राहिलं. म्हणून कित्येक वर्षं नवी मुंबई ही झोपायची जागा होती. मी स्वतः वाशीहून सुटणाऱ्या भरगच्च बसमागून बस पाहिल्या आहेत. रेल्वे वाशीला आली ती 1992 मध्ये, सिडको झाल्यावर बावीस वर्षांनी.

आणि तरी ते शहर बसलं. कशाने बसलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मुंबईतला घाऊक बाजार एकेक करून नवी मुंबईतल्या तुर्भ्याकडे हलवला गेला. आधी कांदा-बटाटा, मग मसाला आणि धान्य, आणि 1996 मध्ये फळं-भाजीपाला. एका पहाटे मी तिथं गेलो तर नागपुरी संत्र्याच्या पेट्या उतरत होत्या. पेटीच्या फटीतून आपल्याकडच्या कडब्याचा वास आला आणि मला तिथंच थांबावंसं वाटलं. हमाल, तोलार, दिवाणजी, गाड्यांचे क्लीनर. आणि त्यांच्यासाठी महिन्याभरात उगवलेल्या चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकानं, खानावळी. एका खानावळीत साताऱ्याची बाई पिठलं-भाकरी करायची, तीस-चाळीस माणसं रांगेत. मी ताईंना सांगितलं, शहर बसतं म्हणजे हे होतं. इमारत नंतर येते. काम आलं की भूक येते, आणि भुकेमागे तुमच्यासारखी माणसं येतात.

म्हणून नवीन नागपूरबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. 1956 पर्यंत नागपूर हे मध्य प्रदेशाची राजधानी होतं. विदर्भ महाराष्ट्रात येण्यासाठी झालेल्या नागपूर कराराप्रमाणे आजही विधिमंडळाचं एक अधिवेशन तिथं भरतं, आणि ते दोन आठवडे सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीत पाय ठेवायला जागा नसते. सरकारी कचेऱ्या, न्यायालय, मोठी दुकानं, सगळं तेवढ्याच भागात. मेट्रो हिंगणा रस्त्याने लोकमान्य नगरपर्यंत 2020 मध्ये आली आहे. त्या गर्दीतलं खरं काम बाहेर काढून इकडे आणलं, तर या शिवारात शहर बसेल. नुसते काचेचे मनोरे बांधले आणि लोकांना भूखंड विकले, तर पंधरा वर्षं फक्त कुंपणाचे खांब दिसतील आणि गाडी धुणाऱ्या पोराखेरीज कोणाला रोजगार नसेल. असे पडलेले सेक्टर मी मोजले आहेत, अंदाजाने बोलत नाही.

दुसरी गोष्ट सांगताना ताईंच्या सुनेनेही हातातलं काम थांबवलं. 1984 च्या जानेवारीत उरणकडे, जासई आणि नवघरला, सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण गेले. मला तिथं जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आम्ही त्याच गावांच्या शिवारात मोजणीच्या साखळ्या ओढत होतो, आणि त्यानंतर कित्येक दिवस कोणी आम्हाला प्यायला पाणी दिलं नाही. मला त्यात काहीच गैर वाटलं नाही. त्या लढ्यातून पुढे जमीन गेलेल्यांना त्यांच्या गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड देण्याची योजना आली. माणसं गेली तेव्हा कुठं हिशेब बदलला.

पण तो हिशेब सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचा. ताईंचं नाव सातबाऱ्यावर नाही. शेड आहे ती जागा त्यांच्या दिराच्या नावावर. दिराला मोबदला मिळेल, तो भला माणूस आहे आणि काही वाटा देईलही, पण अकरा वर्षं जमवलेलं गिऱ्हाईक मोबदल्यात मोजलं जात नाही. इथं मला 2013 चा भूसंपादन कायदा आठवला आणि मी तो त्यांना दोनदा समजावून सांगितला. त्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात काम करणारे आणि त्यावरच पोट असलेले कूळ, शेतमजूर, कारागीरही त्यात धरले आहेत. अर्थात जमीन त्या कायद्याने घेतली तर. संमतीने थेट खरेदी झाली की गोष्ट वेगळी होते, म्हणून ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारायचा, की जमीन कोणत्या मार्गाने घेणार.

"म्हंजे कागद पाह्यजे," ताई म्हणाल्या, आणि आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात विजेची बिलं होती, नवऱ्याच्या नावाची. ग्रामपंचायतीच्या कराच्या पावत्या, मधली दोन वर्षं गायब. अन्न परवान्याची नोंदणी सुनेने गेल्या वर्षी मोबाइलवरून केलेली. सगळ्यात तळाशी किराणा दुकानदाराची उधारीची वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिलं पान 2014 च्या दिवाळीनंतरचं: तेल 5 किलो, ज्वारी 20 किलो, हळद, आणि खाली बाकी 340 रुपये. प्रत्येक पानावर तारीख आणि दुकानदाराची सही. मी तेहतीस वर्षं कागदं हाताळली, पण माणूस इथं होता आणि राबत होता याचा असा स्वच्छ पुरावा फार कमी पाहिला. त्या वहीच्या झेरॉक्स प्रती काढून एक संच सुनेच्या माहेरी ठेवायला सांगितला आहे.

शेडचाही एक नकाशा हवा, म्हणून गेल्या रविवारी मी फीत घेऊन गेलो. मोजताना माझ्या लक्षात आलं की हे शेड एकदम झालेलं नाही. 2014 ला एक चूल आणि ताडपत्री. मग चार बल्ल्या आणि टिन. मग कोबा. मग मागे भांडी घासायची जागा, आणि लग्नानंतर सुनेसाठी आडोसा घालून केलेली खोली. बेलापूरच्या सेक्टर 8 मध्ये कोरियांनी जी वसाहत आखली, तिच्यात हेच गृहीत धरलं होतं. घरांचे घोळके एका सामाईक अंगणाभोवती, आणि पैसे येतील तसतसं प्रत्येकाने आपलं घर वाढवायचं, शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता. साधी माणसं घर कसं बांधतात हे ज्याला ठाऊक होतं, त्याने ती आखली होती. नवीन नागपूरच्या आराखड्यात अशा वाढणाऱ्या जागेला एक तरी कोपरा असावा, आणि तो रस्त्यालगत असावा. मागच्या गल्लीत बांधून दिलेला गाळा ताईंच्या काही कामाचा नाही. ट्रॅक्टर उभा करायला जागा नसेल तर जेवायला थांबणार कोण?

आता जाणाऱ्यांसाठी. खानावळ सकाळी साडेअकराला सुरू होते, साडेबाराच्या आत पोहोचावं. सोलेभात जानेवारी संपेपर्यंत मिळतो, तुरी वाळल्या की बंद. दहापेक्षा जास्त माणसं असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. पैसे फोनवरून देता येतात, पण रेंज जाते, सुटे जवळ ठेवावे. हात धुवायला बाहेर टाकी आहे, साबण असतोच असं नाही. पोळ्याला आणि गावच्या जत्रेला दोन-दोन दिवस सुट्टी.

नकाशा मी मोठ्या कागदावर काढून दिला. 22 फूट बाय 14, चुली दोन, बाकं आठ, टाकी, मागची खोली, रस्त्यापासूनचं अंतर. ताईंनी तो उजेडात धरून बघितला, बोटाने प्रत्येक रेघ तपासली आणि म्हणाल्या, "कडुनिंब राह्यला जी." झाड त्यांनी स्वतः लावलेलं, शेडच्या पहिल्या वर्षी. मी पुन्हा फीत काढली. बुंध्याचा घेर पावणेचार फूट भरला, तो नकाशात लिहिला.