सिकाडा सफारी: विणींची नोंद ठेवणारं अ‍ॅप

२०२५च्या मे महिन्यात आमच्या मेपलच्या खोडावर सिकाडाची, म्हणजे मातीत वाढून वर येणाऱ्या, झाडांवर किर्र आवाज करणाऱ्या किड्याची, पहिली रिकामी कात दिसली आणि त्याच संध्याकाळी मी ‘सिकाडा सफारी’ हे फुकट अ‍ॅप फोनवर घेतलं. ते इथलंच, अमेरिकेत ओहायोमधल्या सिनसिनाटीच्या माउंट सेंट जोसेफ युनिव्हर्सिटीतलं. त्यामागे कीटकतज्ज्ञ जीन क्रिट्स्की आहेत. सिकाडाचा फोटो काढून पाठवायचा. तो तपासून झाला की मगच नकाशावर येतो. ही तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण दरवर्षी दिसणारे हिरवट सिकाडा वेगळे आणि सतरा वर्षांनी एकदाच येणारे हे लाल डोळ्यांचे वेगळे.

मी अडले ती ‘ब्रूड’ या शब्दावर. आमच्या भागातली ब्रूड चौदावी. घरच्या शब्दकोशात अर्थ एवढाच: कोंबडीची एका वेळची पिल्लं. म्हणजे आजीच्या भाषेत वीण. पण खुडूक कोंबडी अंडी उबवते तरी. इथे आई कोवळ्या डहाळीला चीर पाडून अंडी घालते आणि पिल्लं निघायच्या आतच मरून जाते. पिल्लं खाली पडतात, मातीत शिरतात, मुळांचा रस पीत सतरा वर्षं काढतात. शिवाय एका ब्रूडमध्ये तीन-तीन जाती! मग ही एका आईची वीण कशी? नव्हेच ती. त्या-त्या वर्षी मिळून वर येणारे ते सगळे. आपण शाळेची ‘सत्त्याऐंशीची बॅच’ म्हणतो ना, तसे. १८९८मध्ये कीटकतज्ज्ञ चार्ल्स मार्लट यांनी त्यांना रोमन आकडे दिले, तेच आजही चालतात. मी मात्र वीणच म्हणते.

हे उमगलं आणि नकाशा वाचता यायला लागला. शहराच्या पश्चिमेला दहावी वीण २०२१मध्येच येऊन गेली. जाती त्याच, सतरा वर्षंही तीच, पाळी तेवढी निराळी. त्यातही काही जण चार वर्षं आधीच वर येतात. दहाव्या विणीतले असे २०१७मध्ये दिसले होते. म्हणून ‘आमच्याकडे यंदा नसतात’ असं म्हणून एकटादुकटा सिकाडा सोडून देऊ नका, त्याचा फोटो आवर्जून पाठवा. अशा नोंदी का हव्यात? अकरावी वीण १९५४मध्ये कनेक्टिकट राज्यात शेवटची दिसली, पुन्हा आलीच नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच तारे. शेवटचा फोटो मी जूनमध्ये पाठवला, डहाळीला चीर पाडत बसलेल्या मादीचा. तिची पिल्लं २०४२मध्ये वर येतील.