डब्यावर 25 ग्रॅम, अंगी लागलं काहीच नाही

17,729 रुपये. तीन डबे प्रत्येकी 4,850 चे, 'पर्सनल डाएट प्लॅन'चे 2,999 आणि वर कुरिअरचे 180. एवढे मोजून माझ्या घरात आलं ते कोलॅजन (जनावरांच्या कातडी-हाडांतलं प्रोटीन), साखरेची सख्खी बहीण माल्टोडेक्स्ट्रिन आणि व्हॅनिलाचा वास. डब्यावर मात्र हातभर अक्षरांत 'बॅरिएट्रिक स्पेशल, एका स्कूपमध्ये 25 ग्रॅम प्रोटीन', म्हणजे खास वजन घटवण्याच्या ऑपरेशननंतर घ्यायची पावडर.

"पावडरीच्या नादाला लागायचंच कशाला, घरचं खायचं" असं म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगते. माझं गॅस्ट्रिक बायपास झालं, म्हणजे वजन घटवायला पोट लहान करायचं ऑपरेशन. त्यानंतर पोटाची जी पिशवी उरते ती साधारण 30 मिलीची. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं. एका अंड्यात 6 ग्रॅम. म्हणजे दहा अंडी! इथे एक उकडलेलं अंडं संपवता संपवता अर्धा तास जातो, शेवटचा घास छातीत अडकून बसतो आणि तो ढकलायला पाणीही पिता येत नाही. सुरुवातीचे महिने पावडर लागतेच, डॉक्टरही तेच सांगतात. पावडर विकणाऱ्या या लोकांचा सगळा धंदा त्या 'लागतेच'वर उभा आहे.

डिस्चार्ज मिळून फार दिवस झाले नव्हते तेव्हा पावडर विकणाऱ्या बाईचा फोन आला. माझं नाव, ऑपरेशनचा प्रकार, सगळं तिला ठाऊक. माझा नंबर बाहेर कसा गेला याचं उत्तर हॉस्पिटलने आजवर दिलेलं नाही. म्हणाली, "ताई, साधं व्हे, म्हणजे दुधापासूनची प्रोटीन पावडर, तुम्हाला पचणार नाही. बायपासनंतर दुधातली साखर बऱ्याच जणांना सोसत नाही." आता हे खरं आहे. म्हणून तर मी ऐकत राहिले. धडधडीत खोटं बोलली असती तर मी फोन ठेवला असता. ती निम्मं खरं बोलत होती. पैसे कंपनीच्या खात्यावर न घेता कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर घेतले. 'ऑफर आजच संपते' हे पालुपद होतंच. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

माझं डोकं आजही फिरतं ते सूपच्या वाटीपाशी. वाफाळत्या सूपमध्ये मी एक स्कूप टाकला, चमचा फिरवला आणि पावडर गायब. एक गुठळी नाही, तळाशी गाळ नाही, सूप पहिल्यासारखंच पातळ. ऑपरेशनच्या आधी घरात व्हे असायचं. ते गरम पाण्यात पडलं की फाटल्यासारखं होतं, गुठळ्या धरतं, हे मी माझ्या डोळ्यांनी कितीदा पाहिलेलं. तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, हीच तर आपली टेक्नॉलॉजी!" नवऱ्याला मी कौतुकाने दाखवलंसुद्धा, बघ कसं विरघळतं. कोलॅजन गरम पाण्यात असंच विरघळतं. त्या वाटीने मला सगळं सांगितलं होतं. पण टाके ओले, अंगात त्राण नाही, अशा माणसाने वाटीत डोकावून रसायनशास्त्र ओळखावं ही अपेक्षा कुणी करू नये.

घटकांची यादी डब्याच्या तळाशी, शिवणीच्या आड, मुंगीएवढ्या अक्षरांत. पहिलं नाव हायड्रोलाइज्ड कोलॅजन, दुसरं माल्टोडेक्स्ट्रिन, तिसरं ग्लायसीन हे एक साधं अमिनो आम्ल (प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यातला एक). व्हे पार शेवटी, स्वीटनरच्या जरा वर. यादी नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. डबा आधी उलटा करा, पुढची चित्रं मग बघा.

प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, पोटात पिळवटणं. याला डंपिंग म्हणतात, गोड पदार्थ लहान पोटातून झपाट्याने आतड्यात उतरला की होतं ते. ज्याला झालंय त्याला सांगायला नको. "शरीर ॲडजस्ट होतंय ताई." केस मूठमूठ हातात यायला लागले, तर "तिसऱ्या महिन्यात सगळ्यांचेच जातात". हेही निम्मं खरं! मग पाय सुजले. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन 2.9 आलं, जे 3.5 च्या वर हवं. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी डबा हातात घेतला, यादी वाचली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसतंच आणि ते शरीर स्वतः बनवत नाही. त्यामुळे प्रोटीनच्या दर्जाच्या मोजणीत एकट्या कोलॅजनला शून्य गुण मिळतात. दिवसाला तीन स्कूप, कागदावर 75 ग्रॅम, आणि स्नायू आपले झिजतायत.

आता तक्रारीची कथा. अन्न खात्यात गेले तर म्हणाले, हे सप्लिमेंट, औषधवाल्यांकडे जा. औषधवाले म्हणाले, हे अन्नच. पोलिसांचा पहिला प्रश्न, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" बँकेचंही तेच. ग्राहक कक्षाने बिल मागितलं. बिलावर लिहिलेलं 'हेल्थ ड्रिंक मिक्स', त्यामुळे 'प्रोटीन म्हणून विकल्याचा पुरावा नाही'. डबा समोर ठेवला होता मी त्यांच्या! शेवटी खूप डोकं आपटल्यावर नमुना तपासायला गेला आणि अहवाल आला: प्रोटीन लेबलप्रमाणे. फाइल बंद.

का, तर ही नेहमीची तपासणी प्रोटीन मोजतच नाही. केल्डाल पद्धत, 1883 सालची. नायट्रोजन मोजायचा, 6.25 ने गुणायचं, झालं प्रोटीन. ग्लायसीनमध्ये नायट्रोजन इतका की 100 ग्रॅम ग्लायसीन या हिशोबाने 116 ग्रॅम प्रोटीन भरतं. शंभरातून एकशे सोळा! 2008 साली चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन घातलं ते हीच तपासणी चुकवायला. तीन लाखांच्या आसपास मुलं आजारी पडली, सहा दगावली. एवढं होऊन समोरचा साहेब मला म्हणतो, "मॅडम, आकडा तर बरोबर आहे."

मग पदरचे 6,500 घालून खासगी प्रयोगशाळेत अमिनो ॲसिड प्रोफाइल केली, म्हणजे कोणतं अमिनो आम्ल किती आहे त्याची तपासणी. ट्रिप्टोफॅन: आढळले नाही. हायड्रॉक्सीप्रोलीन: भरपूर, आणि ते व्हेमध्ये नसतं, कोलॅजनात असतं. तो कागद घेऊन गेले तर 'खासगी अहवाल ग्राह्य धरता येत नाही'.

विकणाऱ्याकडे अमिनो ॲसिड प्रोफाइल मागा. 'गोपनीय फॉर्म्युला' म्हणाला की फोन ठेवा. लॅक्टोज (दुधातली साखर) सोसत नसेल तर व्हे आयसोलेट (साखर बहुतेक काढून टाकलेलं व्हे) किंवा सोया आयसोलेट असतं, आणि कोणतं घ्यायचं ते ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या आहारतज्ज्ञांनाच विचारा. अनेक महिन्यांचे पैसे आगाऊ देऊ नका. पहिला डबा संपेपर्यंत चव आणि पोट दोन्ही बदलतं. बिलावर मालाचं नाव नीट लिहून घ्या. पाय सुजले तर 'ॲडजस्ट होतंय' ऐकत बसू नका, रक्त तपासा. मी आता पाणी काढलेलं घट्ट दही, अंडं, मऊ शिजवलेला मासा असं आधी खाते आणि बाकीचं जागा उरली तर. जोडीला आयसोलेट. अल्ब्युमिन 3.6 वर आलंय.

पैसे आले नाहीत. तोच माल नव्या नावाने विकला जातोय, डबा 5,150 ला, यादीचा क्रम तोच. फक्त कोलॅजनला आता 'प्रीमियम पेप्टाइड कॉम्प्लेक्स' लिहितात.