ऑनबोर्डचं कारण सांगत त्याने माझे सात दिवस संपवले

परवा शेजारचा मुलगा मोबाईल घेऊन आला. 'काका, जीटीएक्स 1050 टीआय ग्राफिक्स कार्ड, चार जीबी, सीलपॅक मिळतंय. घेऊ का?' फोटो मोठा करून पाहिला. कार्डाच्या मागच्या पट्टीवर जुन्या मॉनिटरच्या केबलचं निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए पोर्ट होतं. पैसे पाठवू नकोस, एवढंच त्याला सांगितलं आणि मग खाली बसवून सगळी हकीकत ऐकवली. तीच इथे लिहितोय. साधारण असंच कार्ड 2021 मध्ये माझ्या घरी आलं होतं.

मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज पुण्यात, पण वर्ग ऑनलाइन, त्यामुळे ती घरीच, कराडला. कॉलेजची लॅब बंद. घरचा संगणक चौथ्या पिढीच्या आय-5चा, एच81 मदरबोर्डवर बसवलेला, चित्र ऑनबोर्डवरच, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय संगणकाच्या स्वतःच्या ग्राफिक्सवर, चालायचं. रोजच्या कामाला तो पुरे होता, पण थ्रीडी मॉडेल फिरवायला गेलं की पडदा अडकून पडायचा. त्या वर्षी चिपांचा तुटवडा होता, त्यात क्रिप्टो मायनिंगवाले कार्डं उचलत होते, आणि साध्या कार्डांचे भावही दुपटीच्या आसपास गेले होते. अशात एका ऑनलाइन जाहिरातीत 1050 टीआय साडेनऊ हजारांना दिसलं. विक्रेता फोनवर अगदी अदबीने बोलला. पैसे यूपीआयने पाठवले. चौथ्या दिवशी कुरिअर आलं. आत कच्चं बिल, त्यावर फक्त 'ग्राफिक्स कार्ड 4 जीबी' आणि खाली शिक्का: 'टेस्टिंग वॉरंटी 7 दिवस'. मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, 'साहेब, पक्क्याला अठरा टक्के वर लागतील.' मी गप्प बसलो.

कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा.

इथे ज्यांनी पहिल्यांदाच कार्ड बसवलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण यात खरोखरच गोंधळ होतो. मॉनिटरची केबल आधी मदरबोर्डच्या पोर्टात असते. कार्ड बसवल्यावर बरेच बोर्ड ऑनबोर्ड आपोआप बंद करतात, त्यामुळे केबल जुन्याच जागी राहिली तर काहीच दिसत नाही. केबल कार्डाच्या पोर्टात लावायची. तरी चित्र आलं नाही तर कार्ड काढून, ऑनबोर्डवर संगणक चालू करून बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जायचं आणि 'प्रायमरी डिस्प्ले'ला 'पीईजी' किंवा 'पीसीआय-ई' करायचं. कार्ड स्लॉटमध्ये खटका वाजेपर्यंत बसलंय का आणि पॉवरची पिन लागलीय का, हेही बघायचं. खऱ्या कार्डाला बहुतेक वेळा एवढ्यात चित्र येतं. हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे.

आमचं हे सगळं पहिल्याच रात्री करून झालं. केबल बदलली, बायोसमध्ये बदल केला, रॅम काढून पुसून लावली, सीएमओएसचा (बायोसची सेटिंग्ज जपणारा) सेल काढून परत घातला. कार्ड काढलं की ऑनबोर्डचं चित्र लख्ख, कार्ड लावलं की अंधार. साहजिकच वाटलं, दोष आपल्या जुन्या बोर्डाचा असणार. आणि विक्रेत्याला नेमकं हेच हवं होतं. त्याच्या प्रत्येक उत्तराने संशय आमच्याच संगणकाकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'ऑनबोर्ड डिसेबल करा साहेब, दोन्ही भांडतायत.' केलं होतं, परत केलं. तिसऱ्या दिवशी, 'तुमचा एसएमपीएस कमी पडतोय. कार्डाला सहा पिनांची सप्लाय आहे, बघा.' म्हणून बत्तीसशे रुपयांचा नवा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आणला. 1050 टीआय 75 वॉटचं कार्ड आहे आणि त्याच्या बहुतेक आवृत्त्यांना वेगळी पिन लागतच नाही, सगळी वीज स्लॉटमधून मिळते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काही जास्त वेगाच्या मॉडेलना सहा पिनांची सप्लाय असते, त्यामुळे नुसत्या पिनेवरून कार्ड खोटं म्हणता येणार नाही. पण मी निदान विचारायला हवं होतं. चौथ्या दिवशी त्याने फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, 'बायोस अपडेट करा.' ते करताना लाइट गेली असती तर बोर्डच गेला असता. मुलगी माउस धरून बसली होती आणि मी मीटरपाशी उभा होतो.

सहाव्या दिवशी त्याने सीएसएम चालू करायला सांगितलं, आणि चित्र आलं. विंडोजने नाव दाखवलं 1050 टीआय, मेमरी 4 जीबी. मुलीने टाळी वाजवली. मी त्याचे मनापासून आभार मानले.

खरं तर त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीची कार्डं आणि डिस्क चालाव्यात म्हणून नव्या बायोसमध्ये ठेवलेली सोय. 1050 टीआय ऑक्टोबर 2016 मध्ये आलं, त्या कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये यूईएफआयची, म्हणजे नव्या पद्धतीने सुरू होण्याची, सोय असते. सीएसएम बंद असतानाही ते चित्र देतं. जे कार्ड सीएसएमशिवाय उठतच नाही, ते त्या काळाच्या आधीचं असण्याची शक्यता मोठी. सहा दिवस आमच्या बोर्डात दोष म्हणून जे शोधत होतो, तो कार्डाच्या वयाचा पुरावा होता.

ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) त्याने व्हॉट्सअॅपवर लिंक देऊन पाठवला. 'कंपनीच्या साइटवरचा टाकू नका, ऑनबोर्डशी क्लॅश होतो,' असं बजावलं. अँटिव्हायरस बंद करा, विंडोजमधली ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद करा, हेही सांगितलं. अनोळखी माणसाची फाइल मी अशा संगणकात घातली ज्यावरून बँकेचे व्यवहार चालायचे. पुढे तो पूर्ण फॉरमॅट करून सगळे पासवर्ड बदलले. हे कुणीही करू नका, कार्ड खरं असो वा खोटं.

नवव्या दिवशी मुलीने मॉडेलचं पहिलं रेंडर, म्हणजे पक्कं चित्र, लावलं. थोड्या वेळात पडद्यावर रंगीत चौकटी पसरल्या आणि संगणक बंद पडला. परत लावलं, परत तेच. मग कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकून पाहिला, तर पडदा काळा. विक्रेत्याला फोन केला. पहिल्यांदाच 'साहेब' गायब झालं. 'सात दिवस होऊन गेले. तुमच्याकडे चाललं होतं ना? आभाराचा मेसेज आहे माझ्याकडे.'

कार्ड फडक्यात गुंडाळलं आणि एसटीने पुणे गाठलं. तपकीर गल्लीत, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका दुरुस्तीवाल्या मुलाने ते हातात घेऊन नुसतं उलटं केलं. म्हणाला, 'काका, 1050 टीआयला व्हीजीए कुठून आलं?' पास्कल, म्हणजे 1050 टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियाच्या (ही चिप बनवणारी कंपनी) चिपमधून अॅनालॉग चित्र निघतच नाही. मग त्याने स्वतःच्या संगणकावर कार्ड लावून जीपीयू-झेड उघडलं. हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, आणि 2018 पासूनच्या आवृत्त्या बायोस बदललेली एनव्हिडियाची बनावट कार्डं ओळखतात. नावाच्या आधी कंसात 'फेक' असा शब्द होता. कार्ड स्वतःची जी ओळख सांगतं, विंडोज फक्त तीच दाखवतं. हे सॉफ्टवेअर चिप तपासतं.

'खात्री करायचीय?' त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने चार स्क्रू काढले, पंख्यासकट हीटसिंक उचलला. खाली वाळून खडूसारखी झालेली पांढरी पेस्ट होती. कापसाच्या बोळ्यावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन त्याने ती हळूहळू पुसली, आणि चकचकीत चिपवर बारीक अक्षरं दिसू लागली: जीएफ116-400-ए1. टॉर्च तिरकी धरल्यावर मला स्पष्ट वाचता आली. 1050 टीआयवर तिथे जीपी107-400-ए1 असायला हवं होतं. जीएफ116-400 म्हणजे जीटीएक्स 550 टीआय, मार्च 2011 चं कार्ड. त्यात 192 कोअर, 1050 टीआयमध्ये 768. मेमरी बायोसमध्ये चार जीबी लिहिलेली, प्रत्यक्षात एक. त्या पलीकडे रेंडर गेलं की लिहायला जागाच नसायची, म्हणून त्या रंगीत चौकटी. आणि 550 टीआयच्या या फर्मी पिढीसाठी एनव्हिडियाने नियमित नवे ड्रायव्हर काढणं 2018 मध्येच थांबवलं होतं, म्हणून नवा ड्रायव्हर टाकला की अंधार व्हायचा. त्या मुलाने माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, उलट सगळ्याचे फोटो काढून माझ्या मोबाईलवर पाठवले.

ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली (आता तिचा नंबर 1915 आहे). तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पहिलाच प्रश्न बिलावरच्या जीएसटी नंबरचा होता आणि माझ्याकडे तो नव्हता. सायबर फसवणुकीसाठी आता 1930 ही हेल्पलाइन आहे, पण तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. मी तोवर दोन आठवडे घालवले होते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. कुरिअरच्या पाकिटावरचा पत्ता खोटा निघाला. साडेनऊ हजार गेले, त्यावर एसएमपीएसचे बत्तीसशे.

शेजारच्या मुलाला मी एवढंच करायला लावलं: विक्रेत्याकडे दोन गोष्टी माग. जीपीयू-झेडच्या पहिल्या पानाचा आजच्या तारखेचा व्हिडिओ, आणि मॉडेल व सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल. आणि कार्ड घेतलंच तर पाकीट उघडण्यापासून व्हिडिओ काढ. चित्र आलं नाही तर केबल आणि बायोस त्याच संध्याकाळी बघ. तरी नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड दुसऱ्या कुणाच्या संगणकात लावून पाहा, आपल्या बोर्डात दोष शोधत बसू नकोस. मी तेवढं केलं असतं तर पाच दिवस हातात उरले असते.

त्याने माझ्यासमोरच मेसेज टाकला. उत्तर आलं: 'व्हिडिओची गरज नाही भाऊ, ऑनबोर्ड डिसेबल केलं की चालतं.'