तीन हीट अलार्म, दहा महिने: कुठे चालले, कुठे फसले

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात घरात तीन हीट अलार्म, म्हणजे आगीच्या उष्णतेने वाजणारे छतावरचे भोंगे, लावले. आता मृग लागला आहे. मधल्या काळात दिवाळीचं तळण झालं, कापूस घरात येऊन पडला आणि विकलाही गेला, वर्षाचा मसाला भाजून झाला, आखाजीचे मांडे झाले आणि मे महिना अंगावरून गेला. तिन्ही अलार्म एकाच कंपनीचे, एकाच दिवशी बसवलेले. त्यातला एकच बरोबर जागी होता, हे कळायला दहा महिने लागले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

घर चोपडा तालुक्यातलं. पुढे स्लॅबचा हॉल आणि स्वयंपाकघर, मध्ये आजोबांच्या वेळची धाब्याची खोली, मागे पत्र्याची पडवी. पडवीत चूल, सरपण आणि जुनं सामान. गावातल्या पुष्कळ घरांची रचना अशीच आहे, त्यामुळे माझ्या चुका तुमच्याही कामाला येतील.

आधी खरेदीबद्दल, कारण पहिल्या खेपेला मी सपशेल फसलो. ऑनलाइन 'हीट डिटेक्टर' असं लिहिलेलं स्वस्तात मिळालं म्हणून मागवलं. पांढरी गोल डबी आली. उघडली तर आत ना बॅटरीची जागा, ना भोंगा. हा प्रकार हॉटेलात आणि ऑफिसात लावतात. तो इमारतीच्या फायर अलार्मच्या २४ व्होल्टच्या पॅनेलला वायरने जोडायचा असतो आणि आवाज वेगळा हूटर करतो. घराच्या छताला नुसता चिकटवला तर आग लागली तरी तो गप्प बसणार. परत पाठवला. तेव्हा घेताना बॅटरी आतच आहे का, भोंगा आतच आहे का आणि आवाज ३ मीटरवर ८५ डेसिबल लिहिलाय का, एवढं वाचून घ्या. दुसऱ्या खेपेला आलेल्या अलार्मवर ब्रिटिश मानक बीएस ५४४६-२ लिहिलेलं होतं. ते घरगुती हीट अलार्मचंच मानक आहे. वाजण्याचं तापमान ५८ अंश. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून नुसत्या विजेवर चालणारे बघितलेच नाहीत.

स्वयंपाकघरात स्मोक अलार्म का नाही, हे ज्यांनी खान्देशी फोडणी हुंगली आहे त्यांना सांगायला नको. धूर ओळखणारा अलार्म आमच्या ओट्याजवळ लावला असता तर रोज दोन वेळा बोंबलला असता आणि आठव्या दिवशी कुणीतरी त्याची बॅटरी काढून टीव्हीच्या रिमोटशेजारी ठेवून दिली असती. हीट अलार्मला धुराशी देणंघेणं नसतं. आतलं छोटं सेन्सर ठरलेल्या तापमानाला पोचलं की तो वाजतो. मार्चमध्ये आईने वर्षाच्या काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजल्या. ठसक्याने आम्ही सगळे अंगणात, शेजारची गायसुद्धा शिंकली असेल, पण छतावरचा हा गडी शांत. दहा महिन्यांत स्वयंपाकघरात तो एकदाही खोटा वाजला नाही. माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले.

बसवताना वायरमन भाऊ म्हणाला, "ओट्याच्या वर पॉइंट आहेच, तिथंच ठोकू." गॅसच्या डोक्यावर लावायचा नसतो. वाफ आणि तेलाचा धूर सरळ वर जातो आणि सेन्सरवर थर बसतो. छताच्या मधोमध लावला. भिंतीपासून आणि ट्यूबलाइटपासून निदान ३० सेंटिमीटर दूर, म्हणजे हात मनगटापासून कोपरापर्यंत टेकवून वर थोडी बोटं. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात गरम हवा नीट पोचत नाही, म्हणून कोपरा टाळायचा. सेन्सर छताखाली २५ ते १५० मिलिमीटरच्या आत हवा. भिंतीवर मध्येच लटकवून उपयोग नाही, कारण गरम हवा आधी छताला लागते. पंख्यापासूनही लांब ठेवा, नाहीतर पंखा ती हवा उधळून लावतो. ब्रिटिश नियमाप्रमाणे खोलीतली कुठलीही जागा हीट अलार्मपासून ५.३ मीटरपेक्षा लांब नको. आमचं स्वयंपाकघर दहा बाय बारा फूट, एकात भागलं.

ड्रिल मारताना दोन गोष्टी. स्लॅबमध्ये पंख्याच्या डबीकडे जाणारा वायरचा पाइप लपलेला असतो, म्हणून आधी मेन स्विच बंद. आणि अलार्मवरचं प्लास्टिकचं टोपण भोकं पाडून, धूळ झाडून झाल्यावरच काढायचं. भाऊने ते आधीच काढून खिशात टाकलं होतं. परत लावायला लावलं. मग दिवाळीच्या रंगकामाला मी स्वतःच अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधली (त्यावर रंग चढता कामा नये) आणि काढायला बारा दिवस विसरलो. धनत्रयोदशीला शंकरपाळे तळताना बायको वर बघून म्हणाली, "अहो, याला बुरखा कशाला?"

तेलाचं म्हणाल तर मधोमध असूनही सुटका नाही. तीन महिन्यांनी खाली काढला तर हवेच्या फटींवर पिवळट चिकट पापुद्रा, त्यात धूळ रुतून काळी झालेली. जुन्या रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशने फटी झाडल्या, बाहेरून किंचित ओल्या फडक्याने पुसलं. साबण, फवारा काही नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी झाडूच्या दांड्याने टेस्टचं बटण दाबतो, तेव्हाच वर एक नजर टाकतो. शेजारच्या पोराने मेणबत्ती धरून 'खरी टेस्ट' करायचा प्रस्ताव मांडला होता. तसं करू नका, झाकण काळं होतं, वितळतंही. त्यासाठीच बटण दिलेलं आहे.

बॅटरीचा किस्सा वेगळाच. अलार्म ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. सोबत आलेल्या बॅटऱ्या मी 'नंतर लागतील' म्हणून कपाटात ठेवल्या आणि दुकानातल्या स्वस्त साध्या टाकल्या. डिसेंबरात पहाटे चारला मधल्या खोलीतून 'च्यक' असा आवाज. मिनिटभराने पुन्हा. आजी पलंगावरूनच बोटांनी लाकूड वाजवत "कृष्ण कृष्ण" म्हणाली. तिला वाटलं पाल चुकचुकली. दोन रात्री आम्ही पालच शोधली. तिसऱ्या रात्री कळलं की बॅटरी उतरत आली की अलार्म असा आवाज करतो, आणि रात्री गारठ्याने बॅटरीचा दाब आणखी पडतो म्हणून पहाटेच बोलतो. सरळ अल्कलाइन बॅटरी टाका. आज नव्याने घ्यायचे असते तर दहा वर्षांची सीलबंद लिथियमवाले घेतले असते.

आता मधली खोली. माझी खरी चूक तिथे झाली.

भाव वाढेल या आशेने आबा दरवर्षी कापूस घरात ठेवतात. नोव्हेंबरात मधली खोली गुडघ्यापासून सुरू होते आणि जानेवारीपर्यंत छातीला लागते. खोलीच्या दारातच आबांची खाट. जळण्यासारखा सगळ्यात जास्त माल तिथे, म्हणून मी ऐटीत एक हीट अलार्म तिथे लावला. जानेवारीत एका रात्री डासांच्या कॉइलचा तुकडा खाटेखालून कापसाच्या कडेला लागला. आबांना झोपेत जळका वास आला, उठून बघतात तर ज्वाळा नाही, जाळ नाही. कापसाच्या ढिगाला ताटाएवढा तपकिरी डाग आणि त्यातून दोरीसारखा सरळ धूर. खोली वरच्या अंगाला धुराने भरलेली. अलार्म? ढिम्म. छताशी तापमान चार-दोन अंशांनीही वाढलं नसेल, तो बिचारा ५८ची वाट बघत होता.

त्यात त्याची काही चूक नाही. कापूस आधी आतल्या आत धुमसतो, धूर काढतो, पेट घेतो तो फार नंतर. झोपलेल्या माणसाला जाळाआधी धूरच गाठतो. अशा जागी, आणि जिथे कुणी झोपतं तिथे, स्मोक अलार्मच हवा. हीट अलार्म तिथे उशिरा जागा होतो. खोक्यातल्या कागदावर हे लिहिलेलं होतं. मी खरेदीनंतर फक्त स्क्रूची चित्रं बघितली होती.

आबांनी दोन बादल्या पाणी ओतलं, डाग काळा झाला, आम्ही निश्चिंत झालो. दीड तासाने हातभर पलीकडून पुन्हा धूर. पाणी कापसाच्या वरच्या थरातच राहतं, आत ठिणगी चालत राहते. मग टोपलीने तेवढा भाग खणून अंगणात नेला, पसरला, भिजवला, आणि सकाळपर्यंत आबा काठीने उलथत बसले. तेव्हापासून कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू. हीट अलार्म काढून तिथे स्मोक अलार्म लावला. तो मिरच्या भाजताना दार उघडं राहिल्यामुळे एकदा वाजला, पण त्याला थोडा वेळ गप्प करायचं बटण असतं, ते दाबलं. एवढं सोसायला मी तयार आहे.

पडवीतला अलार्म पावसाळ्यात आणि थंडीत गुणी बाळ होता. चूल पेटली तरी तो लांबच्या टोकाला, म्हणून काही बोलत नसे. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी भिंतीपलीकडून काकूंची हाक आली, "तुमना घरमा काय वाजी ऱ्हायनं रे भो?" आम्ही हॉलमध्ये कूलर लावून आडवे. काही ऐकूच आलं नव्हतं. मागे गेलो तर पडवीत आग नाही, चूलही थंड, आणि अलार्म कर्कश ओरडतोय. पत्र्याला हात लावला तर चटका. दुसऱ्या दिवशी तिथेच थर्मामीटर टांगला, तीन वाजता ५६ अंश. बाहेरचा पारा ४४ असेल तर पत्र्याच्या पोटाशी काय होणार? आमच्याकडे मेमध्ये पारा ४५च्या वर जाणं ही बातमी नसते. अशा पत्र्याखाली ५८चा अलार्म म्हणजे रोज दुपारी खोटी हाक. शिवाय पुष्कळ घरगुती अलार्म साधारण ४० अंशांपर्यंतच्याच हवेसाठी बनवलेले असतात, हेही मी नंतर वाचलं. थंड देशातल्या घरांना धरून केलेलं यंत्र आपण आणून पत्र्याला टांगतो. तिथून काढलाच.

पण त्या दुपारने आणखी एक गोष्ट दाखवली. ८५ डेसिबल कानाशी भयंकर वाटतात, पण दोन दारं आणि एक कूलर मध्ये आला की संपलं. मग मुद्दाम तपासलं. स्वयंपाकघरातल्या अलार्मचं बटण मी दाबायचं आणि आबांनी हॉलमध्ये कूलर चालू ठेवून पडायचं. दार उघडं असताना ऐकू आलं, लोटलं की नाही. एक वाजला की सगळे वाजतात असे बिनतारी जोडलेले अलार्म मिळतात. महाग आहेत. मी ते टाळले होते, आता वाटतं दोनच घेतले असते पण जोडलेले घेतले असते.

मेहुण्याने विचारलेला प्रश्न इथे सांगून ठेवतो: गॅस गळला तर हा वाजेल का? नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. त्याचा डिटेक्टर वेगळा आणि तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. छतावरचा हीट अलार्म गॅस पेटल्यावरच काही बोलेल. गळतीचा वास आला तर स्विचला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ला फोन लावा. नारंगी नळीवर छापलेली तारीखही बघा, पाच वर्षांनी ती बदलायची असते. आमची सात वर्षांची निघाली.

गुण द्यायचे तर स्वयंपाकघरासाठी पाचापैकी साडेचार. अर्धा त्या ९ व्होल्टच्या बॅटरीपायी कापला. झोपायच्या खोलीसाठी आणि कापसासाठी शून्य, पत्र्याखाली त्याहून कमी. पडवीतून काढलेला तिसरा अलार्म सध्या कपाटात आहे. वरची खोली स्लॅबची होऊन तिथे चुलत भावाचं वेगळं स्वयंपाकघर होणार आहे, तो तिकडे जाईल. पडवीत चुलीशेजारी रेतीच्या दोन बादल्या भरून ठेवल्या. आठ दिवसांत मांजरीने त्यांचा ताबा घेतला, म्हणून आता वर ताटली झाकतोय.