पाळीच्या कळांवर शेक, गोळी, सुंठ आणि टेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पोटात कळा येतात, तेव्हा घरोघरी जे जे करतात त्यातलं बरंचसं गेले काही महिने नीट वापरून पाहिलं. एकदम चार गोष्टी सुरू केल्या की आराम कशाने पडला ते कळत नाही. म्हणून दर पाळीला एकच गोष्ट बदलायची आणि कळ दहापैकी किती ते दर दोन तासांनी लिहून ठेवायचं, एवढी शिस्त पाळली. निकाल आधीच सांगते. शेक आणि वेळेवर घेतलेली गोळी ही जोडी सगळ्यात वर. टेन्सचं, म्हणजे त्वचेतून सौम्य वीज सोडणारं मशीन त्याखालोखाल. सुंठ चांगली, पण जोडीला. ओवा, बडीशेप, हिंग गॅसवर उत्तम, कळांवर जेमतेम. आणि एक गोष्ट सगळ्यांनाच लागू पडते: उशीर केला की चांगला उपायही निम्माच चालतो.

उशीर का नडतो? पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळतो, आवळल्यावर त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि कळ उठते. हीच रसायनं आतड्यांनाही डिवचतात, म्हणून पहिल्या दिवशी पोट बिघडतं, मळमळतं, कुणाला उलटी होते. त्यांचा जोर रक्त दिसण्याच्या काही तास आधीपासून साधारण दोन-तीन दिवस असतो. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या ही रसायनं नव्याने तयार होऊ देत नाहीत. आधीच तयार झालेल्यांना त्या काही करू शकत नाहीत. "अगदीच सहन होईना तर घेऊ" म्हणून दुपारपर्यंत थांबायचं आणि मग "गोळीने काही फरक पडत नाही" म्हणायचं, हे कित्येक घरांत चालतं. त्यात गोळीचा दोष नसतो.

शेक

साधी रबरी पिशवी अजूनही सगळ्यात भरवशाची. फक्त ती भरायची पद्धत बहुतेक ठिकाणी चुकते. उकळतं पाणी थेट ओतू नये. त्याने रबर लवकर कडक होतं आणि तोंडाशी वाफ येऊन हात भाजतो. पाणी उकळल्यावर आठ-दहा मिनिटं तसंच ठेवा. पिशवी दोन तृतीयांशच भरा. मग ती आडवी ठेवून वरची बाजू हलकेच दाबायची, तोंडाशी पाणी दिसू लागलं की आतली हवा गेली असं समजायचं आणि तेव्हाच झाकण घट्ट करायचं. हवा राहिली तर पिशवी टम्म फुगते, ओटीपोटावर बसत नाही, आणि कुशीवर वळताना तिच्यावर भार पडला तर शिवणीतून फुटू शकते. झाकण लावल्यावर मोरीत उलटी धरून एकदा दाबून बघा. थेंब आला तर बहुतेक वेळा वॉशर गेलेला असतो.

वापरून झाली की पाणी ओतून टाकायचं, झाकण काढून सावलीत उलटी टांगायची. मानेजवळच्या घडीवर बारीक भेगा पडतात, तिथे रबर ताणून पाहिलं की दिसतात. भेग दिसली की पिशवी टाकून द्या, आणि दिसली नाही तरी दोन-एक वर्षांनी बदला. काही पिशव्यांवर मानेजवळ फुलासारखी चकती उठवलेली असते. तिच्या मधला आकडा बनवल्याच्या वर्षाचा आणि पाकळ्या महिन्यांच्या. दुकानात घेतानाच ती बघा, वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल तिथे ओळखू येतो.

ऊब किती हवी? अंगापेक्षा थोडी जास्त, साधारण 39-40 अंश सेल्सिअस, आणि ती बराच वेळ. चटका बसेल इतका गरम शेक दहा मिनिटं घेण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं चालतं. अशा मंद, सलग उबेची आयबुप्रोफेनशी तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या आहेत आणि ऊब तिच्या तोडीस तोड ठरली आहे, म्हणून शेकाला नुसता आजीचा उपाय समजू नये. पिशवी आणि त्वचेमध्ये जुन्या सुती साडीच्या दोन घड्या ठेवा. बेंबीच्या चार बोटं खाली एक फेरी, मग कंबर भरून आली असेल तर माकडहाडाच्या वर एक फेरी. पिशवी पोटाशी घेऊन झोपी जाऊ नका. महिनोन्‌महिने एकाच जागी जास्त गरम शेक घेतला की त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात, ते लवकर जात नाहीत. डाग दिसू लागले की ऊब कमी करायची, घडी वाढवायची.

विजेवर तापणारी जेलची पिशवी सोयीची वाटते, पण माझं मत तिच्या बाजूने नाही. तापली की आपोआप बंद व्हावी अशी तिची रचना असते, आणि तो बंद होणारा भागच आधी बिघडतो. वापरायचीच तर तापेपर्यंत ती कडेला ठेवा, डोळ्यासमोर ठेवा, आणि प्लग काढल्याशिवाय अंगाला लावू नका. फुगलेली किंवा शिवणीला ओल आलेली पिशवी पुन्हा चार्जिंगला लावणं धोक्याचं आहे.

ऑफिस, लोकल, एसटी यांसाठी चिकटवायचे हीट पॅच उत्तम. आत लोखंडाची पूड असते, हवा लागली की ती गंजताना तापते आणि सात-आठ तास ऊब देते. निघायच्या अर्धा तास आधी पाकीट फोडा. पाकिटावर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर पॅच कपड्याच्या बाहेरून लावा, थेट त्वचेवर नाही. त्यावर घट्ट पट्टा बांधू नका.

हॉस्टेलवर काहीच नसेल तर जाड्या मिठाची पुरचुंडी करा. दोन वाट्या मीठ कोरड्या तव्यावर परतून जाड सुती फडक्यात बांधायचं. ऊब दहा-पंधरा मिनिटंच टिकते आणि एखादा खडा फार तापलेला असतो, म्हणून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा.

गोळ्या

मेडिकलमध्ये "पाळीची गोळी" मागितली की हातात मेफ्टाल-स्पास पडते. तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड 250 मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन 10 मिलिग्रॅम असतं. कळांच्या मुळावर काम करतं ते मेफेनॅमिक, आणि मोठ्या स्त्रियांमध्ये त्याचा नेहमीचा डोस 500 मिलिग्रॅमचा आहे. म्हणजे एका स्पासमध्ये तो निम्मा. डायसायक्लोमिनने तोंड कोरडं पडतं, थोडी गुंगी येते, नजर धूसर होते. कॉलेजला किंवा गाडी चालवत कामावर जायचं असेल तर याचा त्रास होतो. म्हणून डॉक्टरांना साधं 500 मिलिग्रॅम मेफेनॅमिक चालेल का, असं जरूर विचारा. नावं सारखी असल्याने घोटाळाही होतो: मेफ्टाल-पी ही लहान मुलांची गोळी, तिच्यात फक्त 100 मिलिग्रॅम असतं.

मेफेनॅमिक ठरलं तर 500 मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, जेवणानंतर, दोन ते तीन दिवस. आयबुप्रोफेन ठरलं तर 400 मिलिग्रॅम सहा ते आठ तासांनी. डॉक्टरांना न विचारता दिवसाला 1200 च्या वर जायचं नाही. पहिली गोळी कुरबुर सुरू होताच किंवा रक्त दिसताच घ्यायची. पहिल्या दिवशी पुढच्या गोळ्या घड्याळ बघून घ्यायच्या, कळ परत उठायची वाट बघायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बहुतेकींना अंतर वाढवता येतं.

गोळी भरल्या पोटी घ्यायची. मळमळीमुळे जेवण जात नसेल तर दहीभात किंवा केळं-दूध तरी पोटात जाऊ द्या. चहा-बिस्किटावर घेतलेल्या गोळीने पित्त खवळतं आणि मग "मला गोळ्या सोसत नाहीत" असा कायमचा ग्रह होतो. दोन वेदनाशामक एकत्र करू नका. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 असतं, म्हणजे मेफेनॅमिकवर ती घेतली की एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. त्याने आराम दुप्पट होत नाही, पोटात जखम होण्याचा धोका मात्र वाढतो. नुसतं पॅरासिटामॉल चालतं, पण कळांवर ते या गोळ्यांपेक्षा कमजोर. ज्यांना या गोळ्या वर्ज्य आहेत त्यांच्यासाठी ते ठीक.

वर्ज्य कुणाला? पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळीने दमा उसळत असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, दिवस राहिल्याची शक्यता असेल. पावसाळ्यात पाळीबरोबर तापही आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत मेफेनॅमिक-आयबुप्रोफेनला हात लावू नका, पॅरासिटामॉलवरच राहा. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि या गोळ्या रक्तस्राव वाढवतात.

मेफेनॅमिकवरून लोक घाबरले ते 30 नोव्हेंबर 2023 च्या इशाऱ्याने. इंडियन फार्माकोपिया कमिशनने सांगितलं होतं की या औषधाने क्वचित ड्रेस सिंड्रोम नावाची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. औषधावर बंदी आलेली नाही. ध्यानात ठेवायचं ते एवढं: ही ॲलर्जी लगेच दिसत नाही, औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी अशी उठते. तसं काही झालं तर डॉक्टरांना पाळीत घेतलेली गोळी आठवणीने सांगा. महिन्यापूर्वीची म्हणून ती कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि मेफेनॅमिकवर शेड्यूल एचचा शिक्का असतो, म्हणजे हे चिठ्ठीवर घ्यायचं औषध. एकदा डॉक्टरांना दाखवून आपला डोस लिहून घेतला की दर महिन्याला अंदाज बांधावा लागत नाही.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळी वेगळी. ती हार्मोनची गोळी आहे, कळांवर म्हणून तिचा उपयोग करायचा नाही.

सुंठ आणि स्वयंपाकघरातलं बाकीचं

सुंठेवर बऱ्यापैकी चाचण्या झाल्या आहेत. त्यांत दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम पूड पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दिली होती. घरच्या मापात चहाचा अर्धा सपाट चमचा म्हणजे साधारण एक ग्रॅम. दीड कप पाण्यात तो घालून कपभर होईपर्यंत उकळा, चवीपुरता गूळ घाला, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्या. गाळू नका, पूड तळाशी बसते आणि मात्रा तिथेच राहते. आल्याच्या चहात आलं इतकं कमी असतं की त्यावर भरवसा ठेवू नये. छातीत जळजळ झाली तर अर्धी मात्रा करा.

ओवा-काळं मीठ चावून खाल्लं की पोटातला वारा सरतो आणि फुगारा कमी होतो, तेवढा आराम खरा आहे. दालचिनी रोज चमचाभर घेऊ नका. बाजारात बहुतेक जाड सालीची मिळते, तिच्यात कुमॅरिन असतं आणि ते यकृताला चांगलं नाही. दही, लोणचं, थंड पाणी बंद करण्याला काही आधार नाही. पोरींना त्या चार दिवसांत दहीभातही नाकारतात, तेव्हा वाईट वाटतं. तिला खरं तर तेव्हाच नीट जेवायची गरज असते.

टेन्स

छोटं, बॅटरीवर चालणारं मशीन आणि दोन चिकट पॅड. त्वचेतून सौम्य विजेची झिणझिण जाते आणि कळेचा संदेश मेंदूपर्यंत जाताना मंदावतो. गोळी चालत नाही त्यांना हा मोठा आधार आहे. उपयोग दिसतो तो जास्त वारंवारतेवर, 80 ते 100 हर्ट्झच्या आसपास. मशीनवर हर्ट्झ दिलेले नसतील, नुसते "मोड 1, मोड 2" असतील, तर माहितीपत्रक आधी वाचा. पॅड बेंबीखाली दोन्ही बाजूंना, मध्ये चार बोटं अंतर ठेवून. झिणझिण स्पष्ट जाणवेल पण दुखणार नाही, स्नायू उडणार नाही, तिथे थांबायचं. वीस ते तीस मिनिटं, मग गरजेप्रमाणे पुन्हा.

खर्च मशीनपेक्षा पॅडचा आहे. तेल किंवा क्रीम लावलेल्या त्वचेवर ते चार-पाच वेळातच निकामी होतात. त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा, वापरल्यावर पॅड प्लास्टिकच्या पट्टीवर परत चिकटवा. कडा उचकटलेला पॅड टोचल्यासारखा चटका देतो, कारण सगळी वीज उरलेल्या जागेतून जाते. हृदयात पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर वापरू नका, आणि झोपताना लावून ठेवू नका.

व्यायामाचा फायदा त्याच दिवशी दिसत नाही. आठवड्यातून तीन वेळा पाऊण ते एक तास चालणं, पोहणं, योगासनं, काहीही, दोन-तीन महिने केलं की कळांची धार कमी होते.

डॉक्टरांकडे कधी

तीन पाळ्या वेळेवर आणि पुऱ्या मात्रेत गोळी घेऊनही रजा टाकावीच लागत असेल, तर आणखी उपाय शोधत बसू नका. आधी कळा नव्हत्या आणि पंचविशीनंतर सुरू झाल्या, वर्षागणिक वाढत गेल्या, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, शौचाला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं, अशा वेळी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), ॲडिनोमायोसिस (तो गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) यांची तपासणी हवी. एंडोमेट्रिओसिस पाळीच्या वयातल्या दर दहा जणींमागे सुमारे एकीला असतो. दोन तास सलग दर तासाला पॅड भिजत असेल, तापाबरोबर दुर्गंधी असेल, किंवा पाळी चुकून एका बाजूला जोराची कळ आली असेल, तर त्याच दिवशी जा.

जाताना कळांची दोन-तीन महिन्यांची नोंद न्या: कधी सुरू झाली, दहापैकी किती, कुठली गोळी किती वाजता, किती पॅड. "खूप दुखतं" यावर "लग्न झालं की थांबेल" असं उत्तर आजही मिळतं. आकडे समोर ठेवले की तपासणी पुढे सरकते. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही, सुरुवातीचे डाग तिच्यात दिसत नाहीत. दुखणं तसंच असेल तर रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटा आणि हा आजार नाव घेऊन विचारा.